कोकमाची पुटं आणि लेकीचे अणू

हे गेले त्या वैशाखात रत्नागिरीतली सर्वांत शहाणी बाई मीच होते. मला सगळं कळत असे.

लेक पुण्याच्या प्रयोगशाळेत. काचेचा तंतू ज्योतीवर तापवून दोन्हीकडून ओढायचा, केसाहून कितीतरी बारीक करायचा आणि हवा काढून घेतलेल्या पेटीत बसवायचा. आतून सोडलेला उजेड थोडा काचेबाहेरही पसरतो, त्यात अणू अडकतात. धुळीचा एक कण बसला की तंतू फुकट. कितीतरी वाया गेल्यावर एकदाचे अणू अडकले, तेव्हा फोनवर रडली पोर.

त्याच आठवड्यात यांना तपासून डॉक्टर म्हणाले, "काकू, लेकीला बोलावून घ्या."

अंगणात माझी कोकमं वाळत होती. सालींना खारवलेल्या रसाचं रोज एक पुट द्यायचं, रोज ऊन दाखवायचं. मध्येच सोडून गेलं की बुरशी. कोकमं घातल्यावर आमच्याकडची बाई घर सोडत नाही. लेकीचे अणूही मी त्याच पंगतीत बसवले. ऐन पुटात तिला कसं उठवायचं?

"बाबा कसे आहेत?" ती फोनवर विचारी.

"पेज मागतायत. तू तुझे अणू सांभाळ गो."

हे खाटेवरून विचारत, "येत्येय का?"

"तिचे अणू सुटतील हो!"

जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, पण यांनीही मान डोलवली.

ती पोचली तेव्हा अंगणात माणसं जमली होती. वाट करायला कुणीतरी कोकमं कोपऱ्यात लोटली होती.

तेरावं झाल्यावर मी विचारलं, "सुटले का गो तुझे अणू?"

ती बघतच राहिली. "आई, ते रोजच सुटतात. पापणी लवायच्या आत. मग नवे धरायचे. तंतू पेटीत नीट होता. कुलूप लावून आठ दिवस आले असते तरी चाललं असतं."

चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

आता मला शिंक आली तरी मी फोन करते. नात विचारते, "आजी, नुसती शिंक ना?"

यंदा तिसऱ्या पुटाला कळलं, लेकीला ताप आहे. साली तशाच टाकून पहिली गाडी पकडली.

"अगं आई, साधा ताप! आणि कोकमं?"

"नवी मिळतात."

परत आले तर सगळ्यांवर बुरशी. सुपात भरून माडाच्या बुंध्याशी ओतली. ओतताना सारखं कानात येत होतं, "येत्येय का?"