चौदाव्या ओळीतली फुली

रकानेसाहेबांचं खरं नाव फक्त पगारपत्रकापुरतं उरलं होतं. बाकी सगळा कारखाना त्यांना रकाने म्हणे. तोंडावर साहेब लावून, पाठीमागे न लावता.

आमच्याकडे पुठ्ठ्याची खोकी बनत. रकाने येण्यापूर्वी सकाळच्या पाळीचं झाकण दुपारच्या पाळीच्या खोक्याला ओळख देत नसे. या माणसानं प्रत्येक कामाची पद्धत लिहून काढली, प्रत्येक मशीनला चेकलिस्ट टांगली, आणि सहा महिन्यांत झाकणं खोक्यांवर गुण्यागोविंदानं बसू लागली. हे श्रेय त्यांचं, ते कुणी काढून घेऊ नये. पण एकदा जमलं की माणूस थांबतो थोडाच! शिडी चढण्याची चेकलिस्ट आली. उतरण्याची वेगळी आली. घरी दाराच्या मागे बाहेर पडतानाची यादी होती: गॅस, नळ, खिडक्या, अशा नऊ ओळी. बायको म्हणाली, "दहावी घाला, बायको बरोबर घेतली का?" त्यांनी घातली. वर गंभीरपणे विचारलं, "ही ओळ कुलपाच्या आधी की नंतर?"

फुलीचा मात्र त्यांना मनस्वी तिटकारा. कागदावर एक फुली पडली की मशीन बंद, तीन प्रतींत लाल चिठ्ठी, आणि फाटकावरचा 'सलग बिनफुलीचे दिवस' हा फळा पुसून शून्यावर. तो फळा रकाने रोज सकाळी स्वतःच्या रुमालानं पुसत आणि आकडा एकानं वाढवत.

दोनशे सत्त्याण्णवाव्या दिवशी मामांनी फुली मारली.

मामा पंचिंग मशीनवर बावीस वर्षं होते. या मशीनचा जबडा मिटतो आणि पुठ्ठा कापला जातो. मध्ये हात आलाच तर एका दांडीला धक्का लागून मशीन थांबतं. थांबायला हवं. ते थांबतं का, हे तपासण्याची ओळ चेकलिस्टमध्ये चौदावी, आणि फुली तिथंच होती.

"मामा, हे काय?"

"दांडी कधी थांबवते, कधी नाही."

"आत्ता दाखवा."

मामांनी पुठ्ठ्याच्या पट्टीनं दांडी ढकलली. मशीन थांबलं.

"मग आत्ता बरोबर आहे की!"

"साहेब, आत्ता आहे. ती बाई लहरी आहे."

"लहरीला रकाना नाही, मामा. गुरुवारी बाहेरचे लोक तपासणीला येतायत. गुरुवार जाऊ द्या, लगेच मेकॅनिक बोलावतो. नवा कागद भरा."

मामांनी नवा कागद भरला. चौदाव्या ओळीत बरोबरची खूण केली, खाली सही. जुना कागद 'रद्द' असा शिक्का मारून रकान्यांच्या फायलीत गेला, कारण बाद कागद वर्षभर जपायचा, हा नियमही त्यांचाच.

गुरुवारी पाहुणे खूश झाले, फळ्यासमोर उभं राहून त्यांनी फोटो काढले. रकान्यांनी राहिलेल्या कामांची यादी केली. मेकॅनिक आठव्या क्रमांकावर होता. फुलीनंतर अकराव्या दिवशी रकाने सहाव्या क्रमांकावर पोचले होते, तेव्हा त्या दांडीनं मशीन थांबवलं नाही. मामांच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

चौकशी मॅनेजरच्या खोलीत झाली. मामा बँडेजमधला हात मांडीवर ठेवून बसले होते, दुसऱ्या कुणाचं सामान सांभाळायला दिल्यासारखा.

"कागदावर दांडी बरोबर आहे. सही तुमची," मॅनेजर म्हणाले.

"आधी फुली मारली होती. साहेबांनी परत पाठवला. विचारा त्यांना."

"काय हो रकाने?"

रकान्यांना ती फाईल तोंडपाठ होती. ते म्हणाले, "फायलीत बघावं लागेल."

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि डाव्या हातानं खुर्ची मागं सारून ते उठले. आठवड्याभरात मामांच्या घरी पत्र गेलं: निष्काळजीपणा, शिवाय वरिष्ठांवर खोटा आळ, पंधरा दिवसांत खुलासा न आल्यास कामावरून कमी. मामा खोटं बोलले, असं कारखान्यातले काही लोकही म्हणू लागले. कागद काय खोटं बोलतो?

रकान्यांचं जेवण सुटलं. बायकोनं दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी ताट बाजूला सारून विचारलं, "कुठं दुखतंय?" त्यांनी सगळं सांगितलं.

"तो कागद आहे अजून?"

"आहे. पण आधी मुद्दे लिहून काढतो, म्हणजे सांगताना..."

"पुन्हा यादी?" ती म्हणाली. "त्या माणसाचा हात गेलाय हो! सकाळी आधी कागद द्या, मुद्दे मग घरी बसून लिहा. घरीच बसायचंय आता."

ती बोलली तसंच झालं. मॅनेजरनं कागद उलटसुलट पाहिला आणि हळूच विचारलं, "हा मी पाहिलाच नाही, असं धरू का?" रकाने म्हणाले, "नको." मामांचं पत्र मागं घेतलं गेलं, त्यांना फाटकावर बसून करायचं काम मिळालं. रकान्यांना दुपारपर्यंत टेबल रिकामं करायला सांगितलं.

संध्याकाळी ते मामांच्या घरी गेले. तीन जिने चढून दार वाजवलं. मामांच्या बायकोनं दार वीतभर उघडलं.

"वहिनी, मामांना भेटायचं होतं. कागद दिला मी आज."

"कळलं आम्हाला."

"दोन मिनिटं बोलतो फक्त."

"ते झोपलेत."

आतून मामांच्या खोकण्याचा आवाज आला, मग पेला खाली ठेवल्याचा. दोघांनीही तो ऐकला.

"मग उद्या येऊ?"

"उद्याही झोपलेलेच असतील," वहिनी म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं.