पालेभाजीचा हुकूम

संस्थानी काळात आम्ही कामदार होतो, म्हणजे गावोगाव फिरून शेतकऱ्यांना सुधारलेली शेती शिकवणारी माणसं. त्यातली आता थोडीच उरलीत. पण कुणी एक जरी भेटला, तरी समोरचा चहा गार होतो आणि गोष्टी सरत नाहीत. लोकांना सकस खायला शिकवायचं काम, आणि शिकवणारे आम्ही अर्धपोटी. किस्से तयार व्हायला आणखी काय लागतं?

आमचं ट्रेनिंग बिदरला, नौबादेजवळच्या एका मळ्यावर. मी भालकीकडच्या मेहकरचा. माझ्या शेजारची खाट शरणप्पाची. घरी कन्नड, बाजारात मराठी आणि साहेबासमोर उर्दू बोलणारा माणूस. साहेब म्हणजे मळ्याचे मोहतमीम, मुख्य अधिकारी, हैदराबादहून आलेले.

साहेब शिकवायचे, शेतकऱ्यानं नुसती ज्वारी-तूर करू नये. विहिरीच्या पाटावर मेथी, पालक, गाजर, शेवगा लावावा आणि घरातच खावा. मळ्यात हे सगळं जोरात आलं होतं. सकाळी टोपल्या भरून साहेबांच्या बंगल्यावर जायचं. आम्हाला भाकरी आणि वरण. तुरीचं गुलबर्गा इतकं जवळ, पण आमच्या वरणात तूर शोधावी लागायची.

तोंडी परीक्षेत साहेबांनी शरणप्पाला विचारलं, "गाजरानं काय फायदा होतो?"

शरणप्पा म्हणाला, "नजर तेज होते, साहेब. काल वाफ्यातलं एक गाजर कमी झालं, तुम्हाला घोड्यावरून दिसलं."

साहेब खूश झाले. पास केलं त्याला.

*

त्या वेळी व्हिटामिन हा शब्द नवा होता. आम्ही तो पाठ करून भालकीकडच्या एका गावात गेलो. पारावर बाया-माणसं जमली. मी सांगितलं, भाजीत व्हिटामिन असतं, ते डोळ्यांना दिसत नाही, त्याला चव नाही, वास नाही.

एक म्हातारी म्हणाली, "मग आमच्या वाट्याला आलं का न्हाई, कसं कळावं बाबा?"

शरणप्पा पुढं झाला. "आमच्या वरणातल्या डाळीसारखं असतंय, अव्वा. हाय म्हणून सांगतेत. आपण व्हय म्हणायचं."

*

एका पाटलानं मात्र आमचं मनावर घेतलं. पुढच्या फेरीला गेलो तर विहिरीभोवती हिरवंगार. भोपळे, वांगी, पालक. मला भरून आलं. म्हटलं, "आता पोरांच्या पोटात चांगलं जात असंल."

"जातंय की," पाटील म्हणाले. "भाजी समदी बिदरच्या बाजाराला धाडायलो. तिकडून साखर अन् चहापत्ती येती. पोरं आता दोन टाइम चहा पितेत. तुमचे लई उपकार हायेत."

आणि आम्हालाही चहा दिला. आम्ही प्यालो. काय करणार?

*

औरादकडं गंगाक्का म्हणून एक बाई होती. परसात मेथी-पालक भरपूर, पण तिची तान्ह्या लेकराची आई असलेली सून पांढरीफटक पडलेली. त्या दिवशी आमच्यासमोरच ती घागर घेऊन उंबऱ्यात कोसळली.

शरणप्पानं विचारलं, "अक्का, सून जेवली व्हय?"

"गडीमाणसं जेवली, मी जेवले. आता ती जेवंल. ऱ्हायलं-सायलं तिचंच की."

शरणप्पानं चुलीवरच्या भांड्यात डोकावून पाहिलं. तळाला भाजीची नुसती करपलेली खरवड उरली होती. तो सावकाश टोपी घालून उभा राहिला आणि म्हणाला, "अक्का, सरकारचा नवा हुकूम आलाय. जिनं रांधलं तिनं पयला जेवायचं. ताटभर. ती उठल्याबिगर घरात दुसऱ्यानं घास घ्यायचा न्हाई."

"कामून?"

"ते सरकारला म्हाईत."

गावाबाहेर आल्यावर मी त्याचा हात धरला. "आरं, असा हुकूम कुठं हाय? नोकरी जाईल दोघांची."

"तिचा जीव जायलाय, ते बघ की," तो म्हणाला आणि चालू लागला.

पुढं हिवाळ्यात साहेबांचा दौरा निघाला. जेवण नेमकं गंगाक्काच्या घरी ठरलं. मी वाटेत दोनदा पोट दुखतंय म्हणून सांगून पाहिलं. साहेबांनी ऐकलं नाही.

ओसरीवर सतरंजी अंथरली होती. साहेब सकाळपासून घोड्यावर, भुकेनं कासावीस. हात धुऊन बसले. आतून मेथीच्या फोडणीचा वास येत होता, ताट काही येत नव्हतं. साहेबांनी खाकरून पाहिलं.

गंगाक्का दारात आली. "जरा दम धरा, साहेब. सून जेवायलीय. तुमचाच हुकूम हाय न्हवं, रांधणारीनं आधी खायचं म्हणून?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी सतरंजीकडं. शरणप्पा आढ्याकडं.

मग साहेबांनी मान डोलावली. "हां, हां. बहुत पुराना हुकुम है."

आणि ओले हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले.

आतून सुनेचा आवाज आला, "आत्याबाई, अजून थोडी भाजी वाढा."