सकाळची उंची

त्या साहेबाचा विषय निघाला की अजून माझं डोकं फिरतं. पण साहेब नंतर. आधी आमच्या नर्सबाई.

फुटबॉल क्लबच्या अकॅडमीत मी बावीस वर्षं कारकून आहे आणि बाई माझ्याही आधीपासूनच्या. दहा ते सतरा वर्षांची पोरं आमच्याकडे राहून शिकतात. कुणाचा घोटा सुजला, कुणाला ताप आला, की बाईंकडे. पण बाईंचं खरं काम म्हणजे दर तीन महिन्यांनी प्रत्येकाची उंची मोजणं. पोरं त्यांना ‘मोजपट्टी’ म्हणायची, अर्थात पाठीमागे. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं.

त्यांचा नियम एकच. मोजमाप सकाळी सातला, अनवाणी, अंथरुणातून उठल्या उठल्या. दिवसभर पळून, उभं राहून पाठीचा कणा दबतो आणि संध्याकाळी उंची सेंटिमीटरभर, कधी दीड सेंटिमीटर कमी भरते. हे ऐकून मी हसलो, तर त्यांनी मलाच सकाळ-संध्याकाळ मोजलं आणि दोन्ही आकडे माझ्या टेबलावर आपटले. मोजायच्या दिवशी पहिली बस पकडून साडेसहाला हजर. “टाचा भिंतीला. मान सरळ. छताकडे काय बघतोस, तिथे तुझी सासू बसलीय?” एखाद्याने जेल लावून केस उभे केले असले, तर मापाची फळी डोक्यावर अशी दाबायच्या की तो ओय ओय करायचा.

मग हे नवे डायरेक्टर साहेब आले. लॅपटॉप उघडल्याशिवाय यांना तहानसुद्धा लागत नसे. त्यांनी एक प्रोग्रॅम आणला. पोराचं वय, उंची आणि आईवडिलांची उंची भरली की मोठेपणी तो किती उंच होणार ते कळे. गोलकीपरसाठी साहेबांनी आकडा ठरवला, एकशे पंच्याऐंशी सेंटिमीटर. त्याच्या खाली भरला की नारळ. शिवाय सकाळची वेळ त्यांना व्यायामासाठी हवी होती, म्हणून मोजमाप प्रॅक्टिस संपल्यावर, संध्याकाळी. बाई भांडल्या. साहेब म्हणाले, “बाई, एका सेंटिमीटरने काय आभाळ कोसळतं का?” शेवटी बाई गप्प बसल्या आणि संध्याकाळी मोजायला उभ्या राहिल्या. याचं त्यांनी स्वतःला कधी माफ केलं नाही.

तेरा वर्षांचा एक गोलकीपर होता, एका शिंप्याचा मुलगा. चेंडू त्याच्या हाताला चिकटायचा. प्रोग्रॅमने त्याला एकशे चौऱ्याऐंशी दिले. झालं. साहेबांनी पत्राचा मजकूर सांगितला, मी टाईप केला : ‘खेळाचा दर्जा अपेक्षेप्रमाणे नाही.’ उंचीचा उल्लेखही नाही. उंची लिहिली की पालक वाद घालतात, असं साहेबांचं म्हणणं. मी मान डोलावली आणि पाकीट बंद केलं.

बाईंना हे कळलं तेव्हा पोराचे हॉस्टेलवर दोनच दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांनी त्याला खोलीतून ओढत आणलं आणि भिंतीला उभं केलं. चौदा मिलिमीटर जास्त. तो आकडा प्रोग्रॅमात घातला, तर पोरगा एकशे पंच्याऐंशीच्या वर गेला. कागद घेऊन बाई थेट साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या. दार उघडंच होतं, सगळ्या ऑफिसने ऐकलं.

“त्याची जागा दुसऱ्याला दिली, बाई. विषय संपला.”

“मोजमाप चुकलंय, साहेब.”

“सेंटिमीटरभर इकडे तिकडे व्हायचंच.”

“मग सेंटिमीटरभरासाठी पोराला हाकलता कशाला? लाज नाही वाटत?”

साहेबांनी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. पुढच्या वेळेपासून सकाळी मोजा, म्हणाले.

शनिवारी शिंपी मुलाला न्यायला आला. बाईंनी दोघांना माझ्या टेबलासमोर बसवलं आणि सांगून टाकलं, “चूक माझी आहे. मी याला नको त्या वेळी मोजलं. म्हणून याला काढलंय.”

बापाला काही उमगेना. पोराने विचारलं, “म्हणजे त्या मॅचमध्ये पायांमधून गोल गेला, त्यामुळे नाही?”

पत्र मिळाल्यापासून दोन आठवडे हे पोरगं तो एक गोल मनात धरून बसलं होतं. माझं रक्त उकळलं. ‘दर्जा’ हा शब्द माझ्याच बोटांनी टाईप केला होता, पण राग मात्र सगळा साहेबावर.

“नाही रे राजा,” बाई म्हणाल्या, “तुझ्या खेळात काही खोट नाही.”

“हे लिहून द्याल का, बाई?” शिंप्याने विचारलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या क्लबात निवड होती. तिथे आधीच्या क्लबचं पत्र मागतात, आणि आमचं पत्र वाचून कुणी या पोराला मैदानात पाऊल ठेवू दिलं नसतं.

बाईंनी तिथेच लिहिलं. मोजमापात चूक झाली, मुलाच्या खेळाबद्दल क्लबची काही तक्रार नाही. सही केली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. “शिक्का मार.”

शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये होता. त्याच्याशिवाय तो कागद म्हणजे कुणा एका बाईचं हस्ताक्षर. साहेब बाहेरगावी, सोमवारी येणार. माझ्या निवृत्तीला तीन वर्षं. मी म्हणालो, “साहेबांना विचारावं लागेल.”

बाईंनी माझ्या कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त ड्रॉवरकडे हात नेला. मी ड्रॉवर किल्लीने बंद केला. हो, केला. त्या शिंप्याच्या, त्याच्या पोराच्या डोळ्यांदेखत.

शिंप्याने कागदाची नीट घडी घालून तो खिशात ठेवला. पोराने बॅग खांद्याला अडकवली आणि दारात थांबून मला म्हणाला, “येतो, काका.”

रविवारी त्याला गेटवरूनच परत पाठवलं. हे बाई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, म्हणून मला कळलं. माझ्याशी त्या बोलत नाहीत. सोमवारी साहेब आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, किल्लीचंही.

साहेब म्हणाले, “शाब्बास.”