तीनाचे दोन

त्या रविवारी उपासना संपल्यावर कागद फिरला. अकरा घरांनी सही केली. मावशींनी पदराला हात पुसले, माझ्याकडे पेन मागितलं आणि आपल्या घरापुढचा तीनाचा आकडा खोडून तिथे दोन लिहिले.

पदराला हात पुसायची त्यांची ही सवय आमच्या शाळेत कधी आला असतात तर तुमच्याही लक्षात आली असती. बारामतीतल्या त्या शाळेत मी ग्रंथपाल आणि मावशी शिपाई. पुस्तकाला हात लावायच्या आधी त्या दोन्ही हात आधी उपडे, मग उताणे पुसायच्या. हात कोरडे असले तरी. वाचायला त्यांना वेळ लागे. ओळीखाली बोट, ओठ हलते, आणि ओळ संपली की थोडा वेळ खिडकीबाहेर नजर. मी त्याच टेबलाशी बसून एका दुपारी शंभर पानं संपवत असे. त्यातलं आज मला काय आठवतं ते विचारू नका.

"माझं मी सांगीन" हे त्यांचं वाक्य.

एकदा कपाटाची काच फुटली. मुख्याध्यापकांनी सगळ्या शिपायांना बोलावून घेतलं. ते विचारायच्या आतच मावशी म्हणाल्या की काच मी फोडली, फडकं मारताना कोपर लागलं. मुख्याध्यापकांचं भाषण तयार होतं, ते वाया कसं घालवायचं? म्हणून त्यांनी सगळ्यांनाच यापुढे नीट काम करण्याचं कबूल करायला सांगितलं. बाकीच्यांनी माना हलवल्या.

"मी माझं कबूल करते," मावशी म्हणाल्या. "ह्यांचं ह्ये सांगतील."

ह्यांनी दोन दिवस त्यांना चहाला बोलावलं नाही.

आमच्या एक शिक्षिका होत्या. मुलाच्या परीक्षेच्या दिवसांत त्या मावशींना म्हणाल्या की तुमची प्रार्थना पोचते, मला मेलीला वेळ होत नाही, तर माझ्या वाटचीही तुम्हीच करा. मावशींनी करीन म्हणून सांगितलं आणि पुढे विचारलं, "पर बाई, तुमच्या वाटचं जेवण मी जेवले तर तुमचं पोट भरंल का?" बाई हसल्या. मावशी हसल्या नव्हत्या. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

त्या आणि मी एकाच मंडळीतले. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं छोटं प्रार्थनागृह आहे. पिंपळी, काटेवाडी, अंथुर्णे अशा गावांतून आणि बारामतीतून मिळून बारा घरं तिथे येत. उसाचा हंगाम असला की दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर गाणी लावून जातात आणि पाळकसाहेबांना उपदेश मध्येच थांबवावा लागतो. अशाच एका थांब्यात मावशींना डुलकी लागली. उपासना संपल्यावर दारात सगळे साहेबांशी हात मिळवून "छान झाला उपदेश" म्हणत बाहेर पडत होते. मावशींची पाळी आली तेव्हा त्यांनी सांगितलं, "साहेब, आज मी झोपले. ट्रॅक्टरनंतरचं पुन्हा सांगता का?" साहेबांना ते सांगता आलं नाही. त्यांनाही आठवत नव्हतं.

आमच्या मंडळीत एक रीत आहे. इतर ठिकाणी ती असेल असं मला वाटत नाही. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घ्यायच्या विधीच्या, आधीच्या रविवारी पाळकसाहेब एकेका घराचं नाव घेऊन विचारतात, "घर तयार आहे?" घरचा कर्ता उभा राहतो आणि सांगतो, "पाच जण तयार आहोत, साहेब." तयार म्हणजे भांडणं मिटवली आहेत, चुका कबूल केल्या आहेत, मन तपासलं आहे. ज्या पाच जणांबद्दल हे सांगितलं जातं त्यांना कोणी विचारलेलं नसतं. मी उभा राहून "चार जण" म्हणायचो. माझी आई गुडघ्यांमुळे घरीच असायची, मुलगी बायकांच्या बाजूला खाली मान घालून मोबाइल बघत असायची, आणि बायकोच्या मनात काय चाललं आहे हे मला लग्न झाल्यापासून कधी कळलेलं नाही. तरी चार.

मावशींचा मुलगा टेम्पो चालवतो. तो, त्याची बायको आणि मावशी असं त्यांचं घर. तो "तीन" म्हणाला की बायकांच्या बाजूने मावशी उठायच्या. "साहेब, त्यो दोघांचं म्हणतोय. माझं मी सांगीन." आणि कधी कधी, "ह्या महिन्यात मी न्हाय. जावंशी बोलणं बंद हाय माझं." मंडळीत हशा व्हायचा. साहेबही हसायचे. आम्हाला ती एक करमणूकच होती.

मी त्यांना एकदा ग्रंथालयात विचारलं होतं की मुलानं सांगितलं तर काय बिघडतं. त्या फडकं पिळत म्हणाल्या की लहानपणी बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी त्यांच्यासाठी उत्तर दिलं, तेव्हा त्या बोलत नव्हत्या. मग दृढीकरणाला पाळकांनी त्यांना स्वतःला विचारलं. "तवा मी व्हय म्हणले, सर. तवापास्नं माझं माझ्याकडं."

नाताळच्या आधी प्रार्थनागृह सजवायचं असतं. कागद फिरला त्या वर्षी अंथुर्ण्याच्या घरातली मुलगी चांदण्या लावायला आली होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. मावशी झाडायला गेल्या तर दाराला आतून कडी. त्यांनी दार वाजवलं, पुन्हा वाजवलं. दार मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांनी उघडलं. त्यांच्यामागून मुलगी बाहेर आली आणि चपला न घालता रस्त्यापर्यंत चालत गेली. तिच्या मनगटावर वळ होते. मावशींनी तिच्या चपला उचलल्या आणि तिच्यामागे गेल्या. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात त्यांनीच मला हे सांगितलं.

मुलीच्या वडिलांनी पाळकसाहेबांकडे तक्रार केली. हे पंच म्हणजे आमच्यातले मोठ्या ओळखीपाळखीचे एक गृहस्थ. कोणाला कचेरीत काम असलं, कोणाच्या मुलाला कुठे चिकटवायचं असलं की त्यांच्या शब्दाचा उपयोग व्हायचा. मला त्यांच्याकडून कधी काही नको होतं. हे मी माझ्या बाजूने सांगत नाही. कोणी भीतीपोटी केलं, कोणी गरजेपोटी. मी जे केलं ते साहेब म्हणाले म्हणून केलं, "सर, तुमची भाषा चांगली आहे."

कागद मी लिहिला. त्या तक्रारीला उत्तर म्हणून पाळकसाहेबांना मंडळीकडून एक निवेदन हवं होतं. पंचांचं वर्तन स्वच्छ आहे असं लिहायला माझा हात धजेना, म्हणून मी विचार करून वाक्य बसवलं: "पंचांच्या वर्तनात आक्षेप घेण्याजोगे काहीही आमच्या पाहण्यात आलेले नाही." बघा, यात खोटं काही नाही. आम्ही पाहिलंच नव्हतं. हे वाक्य सुचलं तेव्हा मला समाधान वाटलं होतं, आणि त्या समाधानाची मला आज जितकी किळस येते तितकी त्या कडी लावणाऱ्या माणसाचीही येत नाही. त्याची येते. पण तो निदान भाषा चांगली असल्याचा आव आणत नव्हता.

रीतीप्रमाणे घराच्या कर्त्याने सही करायची आणि पुढे घरातल्या माणसांचा आकडा घालायचा. मी पहिली सही केली. चार. मावशींच्या मुलाने केली. तीन. अंथुर्ण्याचं घर आलं नव्हतं. कागद परत माझ्याकडे आला तेव्हा मावशी पुढे आल्या आणि त्यांनी तो वाचायला मागितला. बोट ठेवून वाचला. आम्ही सगळे उभे होतो. किती वेळ लागला सांगता येत नाही.

"आमच्या पाहण्यात आल्यालं न्हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या म्हंजी ह्या तिनात मीबी आले. माझ्या तर पाहण्यात आलंय."

मग त्यांनी पेन मागितलं.

मुलगा म्हणाला, "आई, आता नगं." त्याची सही त्यांनी तशीच ठेवली. फक्त तीनाचे दोन केले.

पाळकसाहेब त्यांना बाजूला घेऊन समजावत होते. मी जवळच कागदाची घडी घालत होतो, म्हणून मला ऐकू आलं. ते म्हणत होते की मंडळीने एक ठरवलं की आज्ञा पाळणं हाच विश्वास. चूक असेल तर तिचं ओझं पुढाऱ्यांवर, तुमच्यावर नाही, तुम्ही निर्धास्त राहा. त्यांचा आवाज मऊ होता. निर्धास्त राहा हे शब्द ते फार छान म्हणतात.

"आज्ञा पाळते, साहेब," मावशी म्हणाल्या. "झाडा म्हणला, झाडते. गप बस म्हणला तर बसंन. पर वर मला इचारतील तवा तुमी माझ्या शेजारी हुबं ऱ्हाणार हाय का? न्हाय ना? मग माझं मी सांगीन."

त्या महिन्यापासून त्यांचं प्रभुभोजन बंद झालं. मंडळीची आज्ञा मोडली म्हणून. त्या येत राहिल्या. पांढरं लुगडं नेसून शेवटच्या बाकावर बसायच्या, आणि ताट त्यांच्यापाशी आलं की वाढणारा त्यांना ओलांडून पुढे जायचा. तीन वर्षं. मात्र प्रभुभोजनाचे ते काचेचे इवलेसे पेले धुवायचं काम त्यांच्याकडेच राहिलं. द्राक्षांचा रसही त्याच काढून आणायच्या. त्यांनी प्यायचं नाही असं ठरलं होतं; त्यांनी धुवायचं नाही असं काही कोणी ठरवलं नव्हतं. हे विचित्र आहे असं कोणी म्हणालं नाही. पेले स्वच्छ येत होते.

शाळेत त्या माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलायच्या. मीच त्यांच्याकडे न बघता बोलायला शिकलो. एकदा धाडस करून म्हटलं, "मावशी, तुम्ही माझ्यावर रागावला असाल."

"तुमचं मी कसं सांगू, सर?" त्या म्हणाल्या, आणि पुढचं कपाट पुसायला घेतलं.

महिन्यातून एका शनिवारी त्या एसटीने अंथुर्ण्याला जात. हे मला फार उशिरा कळलं. त्या घराने मंडळी सोडली होती, मुलीने कॉलेज सोडलं होतं. मावशी तिच्यासोबत ओट्यावर बसून भाजी निवडायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायच्या. जाताना नवीन काही सांगायला नसायचं. तिच्या घरात एवढंच माहीत होतं की एक माणूस आहे ज्याने पाहिलं आणि पाहिलं म्हणतं.

यंदा मावशी पंधरा दिवस आजारी होत्या आणि गेल्या.

पाळकसाहेबांनी दफनाच्या वेळी त्यांच्यावर उपदेश केला. आज्ञाधारक सेविका, ते म्हणाले. तीन वेळा म्हणाले. पंचांनी डोळे टिपले आणि चहाच्या वेळी अशी माणसं आता मिळायची नाहीत असं चार-पाच जणांना सांगितलं. मुलीचे वडील आले होते. फाटकाबाहेर उभे होते, मूठभर माती घालायला तेवढे आत आले. मी त्यांच्याजवळ गेलो. काय बोलणार होतो कोण जाणे. त्या निवेदनाची एक प्रत मंडळीच्या फलकावर वर्षभर लावलेली होती.

"तुमचं अक्षर लई छान हाय, सर," ते म्हणाले. "फलकावर लांबनंच वळखलं."

त्यानंतरच्या प्रभुभोजनाला पेल्यांचा डबा उघडला तर आत मुंग्या होत्या. मागच्या वेळचा रस तळाशी सुकून चिकटला होता. कोणी धुवायचे हे कोणी ठरवलेलं नव्हतं. साहेब माझ्याकडे बघत होते, मी पंचांकडे, पंच बायकांच्या बाजूला. शेवटी ते तसेच पाण्यातून काढले आणि भरले. मी माझा प्याला हातात धरला. एक मुंगी काठावर होती. तो मी बाकाखाली ठेवून दिला.

घरी मुलीने विचारलं की मावशींना का देत नव्हते. तिला आता सगळं समजण्याचं वय आहे. तेव्हाही होतं, मीच सांगितलं नव्हतं. मी सांगितलं.

"पप्पा, त्या चारात मी होते?"

"होतीस."

"आणि मी?" स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं. मला वाटलं होतं ती ऐकत नाहीये.

मूळ कागद प्रार्थनागृहाच्या कपाटात गीतांच्या पुस्तकांखाली होता. मंडळीची कागदपत्रं मीच सांभाळतो. तो मी घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. बायकोने चाराचे तीन केले. मुलीने तीनाचे दोन केले. मग तिने पेन माझ्यापुढे ठेवलं आणि दोघी आत गेल्या.

सही खोडता आली असती. वरचं वाक्यही माझंच आहे, ते कशाने खोडायचं ते मला समजत नव्हतं. पुढच्या रविवारी साहेबांनी माझ्या घराचं नाव घेतलं तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो की मी फक्त माझं सांगतो, मी तयार नाही; त्या मुलीच्या बाबतीत जे लिहिलं ते मी टाळाटाळ करून लिहिलं, मावशींनी पाहिलं होतं हे मला माहीत होतं. बाहेरून ट्रॅक्टर जात होता. तो गेल्यावर साहेबांनी पुढच्या घराचं नाव घेतलं.

कागद माझ्याकडे आहे. माझ्या सहीपुढे दोनाचा आकडा आहे. त्यातला एक मी. दुसरी माझी आई. ती मागच्या वर्षी वारली, आणि तिला हा कागद कोणी दाखवला नव्हता.