रिपोर्ट त्याने हरवला नव्हता

पनवेलच्या एमआरआय सेंटरमधला तो तंत्रज्ञ उरणच्या कोळीवाड्यातला. ते धडधडणारं मशीन सुरू करण्याआधी माझ्या मुलीला म्हणायचा, "ताई, आता आमची बोट चालू व्हईल. हलू नका." ती हसायची. तिला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार होता; दरवर्षी एमआरआय करावा लागायचा.

एका वर्षी तिच्या मानेतला मज्जारज्जू बारीक झालेला दिसला. पुढे चालणं अवघड होईल, असं डॉक्टर मला एकट्याला म्हणाले. मी रिपोर्ट कपाटात लपवला. सगळं ठीक आहे, फक्त सेंटरवाल्याने रिपोर्ट हरवला, असं तिला सांगितलं. ती मला घेऊन सेंटरवर गेली आणि त्याच्यावर भडकली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "माझीच चूक, ताई."

पुढच्या वर्षी त्याने मला बाजूला घेतलं. "काका, यंदाचा रिपोर्ट ताईंच्याच हातात देनार हाय. पाय त्यांचे हायत."