मनगटावरचं बोट

तो मीरा रोडच्या नव्या बिल्डिंगीतला. संध्याकाळी भाईंदरच्या जेटीवर माझ्या शेजारी बसायचा. नाव मी विचारलं नाही. बोलण्याआधी माझ्या मनगटावर बोटाने टकटक करायचा. एकदा मी खेकसलो, "तोंड दिलंय ना देवाने?"

तो हसला. "सवय हो काका. विमानात पायलटला धोका कसा कळवायचा, ते ठरवायचं काम करतोय. दिवा लावतो, आवाज देतो. पण कामात बुडालेल्या माणसाला ऐकूच येत नाही. मग त्याच्या हातातली विमान चालवायची दांडीच हलवायची. हात बहिरा होत नाही."

बायको गेली त्या दिवशी तिच्या छातीत कळ आली तेव्हा मी जाळं शिवत होतो. हाका ऐकू आल्या नाहीत, असं सगळ्यांना सांगत आलो. ते खरंच आहे. पण तिने मनगट धरून हलवलंही होतं. गाठ सुटेल म्हणून मी तिचा हात झटकला.