सतरा नंबरची डबी

२०२३ साल. मी एकाहत्तर वर्षांचा. हृदय कमजोर झालेलं, पाय सुजलेले. घाटकोपरच्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. मुलगा आणि वॉचमन मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावर चढवायचे. बाया दारात उभ्या राहून बघायच्या. मी कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवलेला माणूस. मेलो तरी चालेल, पण ही वरात नको, असं वाटायचं.

त्यात इस्पितळातल्या कांबळेबाईंनी माझ्यापुढे डबी ठेवली. बाई लातूरकडच्या. पोटातले जंतू आणि हृदय यांचा तपास जिथे चालायचा, त्या खोलीत कामाला. माणसाचं तोंड बघायच्या आधी त्याच्या पायाची सूज बोटाने दाबून बघायची त्यांची सवय.

"काका, उद्या सकाळचं, परसाकडचं, यात आणा."

"बाईमाणसाच्या हातात असला कायएक देऊक माका जमाचा नाय."

"मग बसा खुर्चीतच." मुलाने त्यांना खुर्चीचं सांगितलेलं. पाय दाबत म्हणाल्या, "एरंडेल घेता?"

"दर रविवारी. बापाने लावलेली सवय. साफ पोट, साफ माणूस."

"पोटात जंतूंचं गाव असतं, काका. बरेचसे आपले राखणदार. गाव उठलं की वेस पडते, नको ते रक्तात शिरतं, दमलेलं हृदय आणखी दमतं. तुम्ही दर रविवारी गाव उठवता. वर लघवीची गोळी. अंगात त्राण राहील काय?"

"हे नक्की?"

"सगळं नक्की ठाऊक असतं तर डबी कशाला मागितली असती?"

मी चौथी शिकलेला. शिकल्यासवरल्या माणसाने माझ्यापुढे असं कबूल केलेलं पहिल्यांदा ऐकलं. त्याच आठवड्यात डबी नेऊन दिली.

"वर माझं नाव घाला."

"नाव नसतं. तुम्ही सतरा नंबर."

एरंडेल सुटलं. खारवलेला बांगडा सुटला, तो जास्त जड गेला. गोळ्या वेळेवर, नाचणीची भाकरी, पालेभाजी. बाई दर खेपेला सूज दाबून म्हणायच्या, "वसतंय गाव." कशाने किती फरक पडला ते डॉक्टरांना विचारा. सूज उतरली, हे मी सांगतो.

रिटायर होऊन गावी निघायच्या आधी बाई आमच्याकडे चहाला आल्या. मी खाली घ्यायला गेलेलो. परत चढताना मुलाने खुर्ची पुढे केली.

"ठेव ती," मी म्हटलं.

बाई पुढे, मी मागे. दोनदा थांबलो.

"थांबा खुशाल," त्या म्हणाल्या. "मलाही गुडघे आहेत."

वर पोचल्यावर त्यांनी चहाआधी माझा पाय दाबून पाहिला. "सतरा नंबर पास." आणि पर्समधून डबी काढली. "ही शेवटची. नव्या मुलीकडे द्या. भांडू नका तिच्याशी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका हातात खुर्ची आणि दुसऱ्या हातात डबीची पिशवी घेऊन खाली उतरलो. खुर्ची वॉचमनला बसायला दिली. इस्पितळात नव्या मुलीने नाव विचारलं.

"सतरा नंबर," मी म्हणालो. "कांबळेबाईंचा."